एका वावरात किती पिकं?

सातबारा घरात असतो, पण त्यातला खालचा भाग फारसं कोणी वाचत नाही. वरचा गाव नमुना 7 जमीन कोणाची ते सांगतो, म्हणून भांडणं त्याच्यावर होतात. खालचा गाव नमुना 12 त्या जमिनीत काय पेरलं ते सांगतो. त्याचे रकाने एकदा सावकाश वाचून पाहा. आधी मिश्र पिकाखालचं क्षेत्र येतं. त्याच्या पोटात मिश्रणाचा संकेत क्रमांक, मग घटक पिकं, आणि प्रत्येक घटक पिकाखाली जलसिंचित किती, अजलसिंचित किती. त्यानंतर निर्भेळ पिकाखालचं क्षेत्र. आणि त्याच्याही पुढे लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन, तिचं स्वरूप आणि तिचं क्षेत्र.

महसुलाचा हा तक्ता आखणाऱ्यांच्या टेबलावर संगणक नव्हता. तरी त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, जी जावा शिकणारी मुलं तिसऱ्या वर्षालाही गृहीत धरत नाहीत. एका वावरात एकच पीक असतं असं नाही. दोन असतात, चार असतात, कधी एकही नसतं. आणि तीनही वेळा नोंद व्हावी लागते.

ही पुस्तिका त्याच गोष्टीची आहे. वेबपेजवरच्या फॉर्ममधल्या एका नावाखाली अनेक व्हॅल्यू आल्या, तर जावाच्या प्रोग्रॅमनं त्या घ्यायच्या कशा, तपासायच्या कशा, साठवायच्या कशा. विषय लहान वाटतो. बाजारातल्या जाड पुस्तकांत त्याला अर्धं पान मिळतं, एक पद्धत सांगितली जाते, आणि लेखक पुढे सेशनकडे वळतो. मला तो अर्ध्या पानाचा वाटत नाही. फॉर्म भरला, सबमिट झाला, ‘आपली माहिती जतन झाली’ असा हिरवा संदेशही आला, आणि तरी माहिती चुकली, असे जे प्रकार होतात त्यातले बरेचसे याच अर्ध्या पानातून निघतात.

उदाहरण मुद्दाम इथलंच घेतलं आहे. इंग्रजी पुस्तकांत चेकबॉक्स शिकवायला आवडते रंग किंवा छंद असतात. कोणाचा एक छंद सर्व्हरवर पोचला नाही तर कोणाचं काय अडतं? नांदगाव खंडेश्वरच्या भागात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तूर टाकायची रीत जुनी आहे. सोयाबीन आलं तेव्हा तूर त्याच्यातही गेली. काही तास सोयाबीनचे, मधे तुरीचे. खरिपात अशा वावराची नोंद करताना तूर सुटली तर ती खरोखर सुटते. पुढे नुकसानीचा पंचनामा असो की हमीभावाची नोंदणी, कागदावर नसलेलं पीक दाखवता येत नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतःच मोबाइलवर पीक नोंदवू लागला, आणि निर्भेळ की मिश्र हा प्रश्न तलाठ्याच्या दप्तरातून घराघरात पोचला. आपल्या पुस्तिकेतला फॉर्म मात्र आपणच बांधलेला आहे: गट क्रमांक, हंगाम, आणि खाली पिकांची यादी, प्रत्येकापुढे टिक करायची चौकट. कापूस, ज्वारी, तूर, मूग, सोयाबीन. यादी बाराखडीच्या क्रमानं.

आता एक शेतकरी आधी सोयाबीनवर टिक करतो, कारण त्याच्या लेखी तेच मुख्य पीक. मग तुरीवर. सबमिट. विद्यार्थ्यानं सर्व्हलेटमधे नेहमीची ‘गेटपॅरामीटर’ ही पद्धत लिहिलेली असते, कारण नाव आणि गट क्रमांक घ्यायला तीच चालली होती. डेटाबेसमधे काय जातं? फक्त तूर. सोयाबीन गायब. एरर नाही, लॉगमधे ओळ नाही.

यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली ब्राउझरची. ब्राउझर काही ‘पिकांची यादी’ पाठवत नाही. तो नाव आणि व्हॅल्यू यांच्या जोड्या पाठवतो, बरोबरच्या चिन्हानं जोडलेल्या, एकेक करून. दोन चौकटींना एकच नाव असेल तर ते नाव दोनदा जातं. ही रीत 1995 सालच्या एचटीएमएल 2.0 पासून आहे. आणि जोड्यांचा क्रम टिक करण्याचा नसतो, तो पानावरच्या मांडणीचा असतो. तुमच्या मनातलं मुख्य पीक त्याला कळत नाही. यादीत तूर वर आहे, म्हणून तूर आधी.

दुसरी गोष्ट सर्व्हलेटची. ‘गेटपॅरामीटर’ एकच स्ट्रिंग देते, आणि व्हॅल्यू अनेक असतील तर पहिली. हे तिच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे; यात लपवाछपवी नाही. सगळ्या व्हॅल्यू हव्या असतील तर ‘गेटपॅरामीटरव्हॅल्यूज’, जी स्ट्रिंगचा ॲरे देते. सगळा फॉर्मच एकदम हवा असेल तर ‘गेटपॅरामीटरमॅप’. तिच्यात प्रत्येक नावापुढे ॲरे असतो, एकच व्हॅल्यू असलेल्या नावापुढेही एका घराचा ॲरे. या तिसऱ्या पद्धतीकडे पाहिलं की सर्व्हलेटची खरी समजूत दिसते: तिच्या लेखी प्रत्येक नाव अनेकांचंच आहे. एक ही त्यातली एक शक्यता. ‘गेटपॅरामीटर’ ही सोयीसाठी काढलेली पळवाट आहे.

या पळवाटेचा इतिहास गमतीचा आहे. सर्व्हलेट नवं होतं तेव्हा, जावा वेब सर्व्हर 1.1 च्या काळात, सन कंपनीनं ‘गेटपॅरामीटर’ला ‘वापरू नये’ अशा यादीत टाकलं होतं. अनेक व्हॅल्यूंची पद्धत असताना ही वेगळी कशाला, असा विचार. प्रोग्रॅमरांनी आरडाओरडा केला. नाव, पासवर्ड, पिनकोड घ्यायला दरवेळी ॲरे काढून त्यातलं शून्यावं घर उघडायचं, हे कोणाला झेपणार? सर्व्हलेट 2.0 अंतिम झालं तेव्हा ती त्या यादीतून बाहेर आली. जेसन हंटर यांनी आपल्या सर्व्हलेटवरच्या पुस्तकात नोंदवलं आहे की अशी माघार मिळालेली जावातली ती पहिलीच पद्धत. माझं मत विचाराल तर प्रोग्रॅमर व्यवहारात बरोबर होते, पण शिकवण्याच्या दृष्टीनं सनचा पहिला विचार चांगला होता. म्हणून या पुस्तिकेत क्रम उलटा आहे. पहिल्या प्रकरणात ॲरे येतो, ‘गेटपॅरामीटर’ तिसऱ्यात. मुलं कुरकुर करतात. करू द्या.

ॲरे हातात आल्यावर नवशिका तो थेट छापून पाहतो आणि स्क्रीनवर एक उघडा चौकटी कंस, एल हे अक्षर, स्ट्रिंगचं पूर्ण नाव आणि ॲट चिन्हापुढे काही आकडे-अक्षरं येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ॲरेला स्वतःला छापता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर पुस्तिकेत दोन ओळी आहेत, इथे अधिक नको.

खरा घोळ अनेकांत नसून शून्यात आहे, आणि या पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण त्याचंच आहे. शेतकऱ्यानं एकही चौकट टिक केली नाही तर ब्राउझर काय पाठवतो? काहीच नाही. रिकामी व्हॅल्यूही नाही. ते नावच जात नाही. टिक न केलेली चौकट आणि पानावर नसलेली चौकट यांत सर्व्हरला फरक दिसत नाही. मजकुराची चौकट रिकामी सोडली तर तिचं नाव रिकाम्या व्हॅल्यूसकट जातं. टिकेची चौकट मात्र पूर्ण गप्प राहते. तेव्हा ‘गेटपॅरामीटरव्हॅल्यूज’ रिकामा ॲरे देत नाही, ‘नल’ देते. त्याच्यावर लूप लावला की ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’. ही त्यातल्या त्यात बरी चूक, कारण ती ओरडते.

न ओरडणारी चूक दुरुस्तीच्या फॉर्ममधे असते. गेल्या वेळी तूर नोंदवली होती, या वेळी शेतकऱ्यानं तुरीवरची टिक काढली आणि बाकी काही टिक केलं नाही, कारण यंदा ते वावर पडीत आहे. सर्व्हरवर पिकांचं नाव येतच नाही. प्रोग्रॅम म्हणतो, पिकांबद्दल काही आलं नाही, म्हणजे जुनं तसंच ठेवू. तूर उभी राहते, कागदावर. जुन्या स्ट्रट्स 1 या फ्रेमवर्कमधे काम केलेल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. तिथे फॉर्मची वस्तू सेशनमधे ठेवली असेल तर ‘रीसेट’ पद्धतीत चौकटी हातानं बंद कराव्या लागत, नाहीतर काढलेली टिक परत उगवायची. स्प्रिंग फ्रेमवर्कनं यावर तोडगा काढला तो असा: चौकटीच्या शेजारी एक लपलेली चौकट, तिचं नाव तेच पण आधी अंडरस्कोर. ती नेहमी जाते. ती आली आणि खरी चौकट आली नाही, तर स्प्रिंग समजतो की प्रश्न विचारला होता आणि उत्तर ‘काही नाही’ असं आहे. स्प्रिंगचे फॉर्म टॅग वापरले तर ही लपलेली चौकट आपोआप बसते. हातानं एचटीएमएल लिहिलं तर बसवावी लागते, आणि मुलं ती विसरतात.

आता परत नमुना बाराकडे. तिथे पडीत जमिनीसाठी वेगळा रकाना आहे. तलाठी पिकांचे रकाने कोरे ठेवून थांबत नसे, तो लागवड नाही हे लिहायचा, कशामुळे नाही आणि किती क्षेत्र तेही लिहायचा. कोरं ठेवणं आणि ‘नाही’ असं लिहिणं यांतला फरक त्या तक्त्यानं पाळला आहे. फॉर्म आखणाऱ्यानं तोच पाळावा. आपल्या फॉर्ममधे यादीच्या शेवटी ‘यंदा पेरणी नाही’ अशी स्वतंत्र चौकट आहे. ती आणि पिकं दोन्ही कोरी असतील तर फॉर्म परत पाठवायचा, आणि दोन्ही टिक असतील तरी परत पाठवायचा.

पिकाबरोबर क्षेत्र विचारलं की गोष्ट आणखी बिघडते. प्रत्येक पिकापुढे टिकेची चौकट आणि तिच्या शेजारी क्षेत्राची मजकूर चौकट. बहुतेक जण सगळ्या पिकांना एक नाव देतात आणि सगळ्या क्षेत्रांना दुसरं, मग दोन ॲरे घेऊन एकाच लूपमधे समोरासमोर चालवतात. शेतकऱ्यानं तूर आणि सोयाबीन टिक केलं, तुरीपुढे 0.40 हेक्टर लिहिलं, सोयाबीनपुढे 1.60. पिकांच्या ॲरेत दोन घरं येतात: तूर, सोयाबीन. क्षेत्राच्या ॲरेत पाच येतात, कारण रिकाम्या मजकूर चौकटीही जातात: कापसाचं रिकामं, ज्वारीचं रिकामं, तुरीचं 0.40, मुगाचं रिकामं, सोयाबीनचं 1.60. लूप पहिल्या पिकाला पहिलं क्षेत्र देतो. तुरीला रिकामं, सोयाबीनलाही रिकामं. आता कोणी शहाणपणा करून आधी रिकामी घरं गाळली तर या उदाहरणात जोडी बरोबर जुळते, आणि तेच धोक्याचं. कारण एखाद्यानं मुगापुढे क्षेत्र लिहिलं पण टिक करायचं विसरला, की मुगाचं क्षेत्र सोयाबीनला लागतं. आकडा खराच वाटतो. कोणाला संशय येत नाही.

यावरचा उपाय साधा आहे: समोरासमोर ॲरे चालवायचेच नाहीत. प्रत्येक क्षेत्राच्या चौकटीच्या नावातच पिकाचा संकेत घालायचा, म्हणजे तुरीचं क्षेत्र तुरीच्याच नावानं मागता येतं. स्प्रिंगमधे पिकांच्या यादीला क्रमांक देऊन, चौकटी कंसात 0, 1, 2 असं लिहून, पुढे टिंब आणि गुणधर्माचं नाव लिहिता येतं. मग पीक आणि क्षेत्र एकाच वस्तूत येऊन बसतात. त्यातही मधली ओळ जावास्क्रिप्टनं पुसली आणि क्रमांक नव्यानं घातले नाहीत, तर यादीत मधे एक पोकळ वस्तू तयार होते. आणि ही यादी आपोआप 256 घरांपर्यंतच वाढते. त्यापुढचं हवं असेल तर तसं सांगावं लागतं. नमुना बारामधे हा प्रश्न येत नाही. घटक पिकाचं नाव आणि त्याचं क्षेत्र एकाच आडव्या ओळीत असतं, ते वेगळं होऊच शकत नाही.

स्वल्पविरामाबद्दल रागानं लिहावं लागेल. अनेक व्हॅल्यू आल्या की त्या स्वल्पविरामानं जोडून एकाच रकान्यात टाकायच्या, ही सवय इतकी पसरली आहे की प्रोजेक्ट तपासताना उलट न केलेला विद्यार्थी लक्षात राहतो. ‘तूर,मूग,सोयाबीन’ अशी एक स्ट्रिंग. पुढे तालुक्यात मूग किती शेतकऱ्यांनी पेरला असं कोणी विचारलं की ‘लाइक’ लावून मूग शोधायचा. शोधा. भुईमूग पेरणारे सगळे त्यात येतील. मायएसक्यूएलमधे ‘फाइंड-इन-सेट’ आहे, ते भुईमुगाला वगळेल, पण त्या रकान्याच्या साध्या इंडेक्सचा त्याला उपयोग होत नाही, आणि प्रत्येक पिकाचं क्षेत्र कुठे ठेवणार हा प्रश्न तसाच राहतो. वेगळा तक्ता करा: एका नोंदीला अनेक ओळी, प्रत्येक ओळीत एक पीक आणि त्याचं क्षेत्र. दुरुस्ती करताना जुन्या ओळी पुसून नव्या घालायच्या, आणि दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमधे; नाहीतर पुसून झाल्यावर वीज गेली की ना जुनं ना नवं. वीज जाण्याचं उदाहरण इथल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

स्वल्पविरामाचा आणखी एक सापळा स्प्रिंगमधे आहे आणि तो पकडायला कठीण आहे. कंट्रोलरमधे यादी मागितली आणि फॉर्ममधून एकच व्हॅल्यू आली, तर स्प्रिंग ती स्वल्पविरामावर तोडतो. दोन व्हॅल्यू आल्या तर तोडत नाही. समजा एका खातेदाराचे पत्ते यादीत घ्यायचे आहेत. ‘मु. पापळ, ता. नांदगाव खंडेश्वर’ असा एकच पत्ता आला, तर यादीत दोन पत्ते होतात: एक पापळचा, दुसरा नुसत्या तालुक्याचा. दोन पत्ते दिले तर दोनच राहतात. तपासणारा माणूस ‘अनेक’ची चाचणी करायची म्हणून हमखास दोन देतो, चाचणी पास होते, आणि एकच पत्ता असलेल्या सगळ्यांची नोंद बिघडते. या पुस्तिकेत प्रत्येक उदाहरणाची चाचणी शून्य, एक आणि अनेक अशी तिन्ही वेळा करायला लावली आहे, ती या अनुभवामुळे. (पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचं जन्मगाव. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणून पिकांच्या उदाहरणात ते येणं मला गैर वाटलं नाही.)

पीएचपीच्या मुलांकडून एक रोग जावात येतो. पीएचपीमधे अनेक व्हॅल्यू हव्या असतील तर चौकटीच्या नावापुढे उघडा-बंद चौकटी कंस लावावा लागतो. जावाला त्याची गरज नाही. कंस लावला तर तो नावाचा भाग होतो, आणि मग कंसाशिवाय मागितलं की ‘नल’. जेक्वेरी 1.4 पासून ॲरे पाठवताना हा कंस स्वतःच लावते. ‘ट्रॅडिशनल’ हा पर्याय चालू केला तरच थांबते. कॉलेजच्या प्रयोगशाळांत अजून जेक्वेरी आहे, म्हणून हे लिहिलं.

आता देवनागरी. टिकेच्या चौकटीची व्हॅल्यू ‘तूर’ अशी ठेवली तर काय जातं? त, दीर्घ उकार, र. यूटीएफ-8 मधे प्रत्येकाचे 3 बाइट, एकूण 9, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे 27 अक्षरं. त्यात काही गैर नाही. गैर होतं ते सर्व्हरवर. सर्व्हलेट जुन्या रीतीनं पोस्टचा मजकूर आयएसओ-8859-1 समजून वाचतो, आणि तुरीच्या जागी उच्चार नसलेली युरोपी अक्षरं दिसतात. ‘सेटकॅरेक्टरएन्कोडिंग’ लावायचं, आणि पहिला पॅरामीटर वाचण्याच्या आधी लावायचं. नंतर लावलं तर उपयोग नाही. पत्त्याच्या पट्टीतून येणाऱ्या व्हॅल्यूंसाठी टॉमकॅट 8 पासून यूटीएफ-8 गृहीत आहे, त्याआधी नव्हतं.

एवढं करूनही पऱ्हाटीचा घोळ राहतो. हा शब्द कीबोर्डवर निदान तीन प्रकारे लिहिला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. जावाच्या ‘इक्वल्स’ला तिन्ही वेगळे. ‘नॉर्मलायझर’ वापरून पहिले दोन एक करता येतात, तिसरा होत नाही. म्हणून व्हॅल्यूत नाव ठेवूच नये. नाव माणसाला दाखवायला, व्हॅल्यूत संकेत क्रमांक. मिश्रणाला संकेत क्रमांक देणाऱ्या जुन्या तक्त्याचा मला यासाठीही आदर वाटतो. आणि व्हॅल्यू द्यायलाच विसरलात तर ब्राउझर ‘ऑन’ पाठवतो. पाच पिकं टिक केली की पाच ‘ऑन’. कोणती पाच, ते देव जाणे.

सुरक्षेचं प्रकरण लहान ठेवलं आहे, कारण त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: यादीत जे दिलं तेच परत येईल असं धरू नका. चौकटी आपण पाच दिल्या म्हणून सहावं पीक येणार नाही, किंवा तूर दोनदा येणार नाही, याची हमी कोणी देत नाही. पत्त्याच्या पट्टीत एक व्हॅल्यू आणि पोस्टमधे त्याच नावाच्या दोन आल्या तर सर्व्हलेट तिन्ही एकत्र करतो, पट्टीतली आधी. ‘गेटपॅरामीटर’ मग पट्टीतलीच देणार. एकाच नावाच्या अनेक व्हॅल्यूंतून जावा पहिली उचलतो, पीएचपी शेवटची, एएसपी सगळ्या स्वल्पविरामानं जोडतो. या मतभेदाचा गैरफायदा कसा घेता येतो हे लुका कॅरेटोनी आणि स्टेफानो दि पाओला यांनी 2009 मधे दाखवून दिलं. 2011 च्या अखेरीस वेगळाच हल्ला पुढे आला, हजारो पॅरामीटर मुद्दाम पाठवून सर्व्हर बसवण्याचा. त्यानंतर टॉमकॅटनं पॅरामीटरांच्या संख्येला मर्यादा घातली. मोठा तक्ता एकदम सबमिट करणाऱ्या फॉर्मला ती आडवी येऊ शकते, हे जाता जाता.

अनेक निवडींसाठी टिकेच्या चौकटींऐवजी उघडी यादी देऊन कंट्रोलचं बटण दाबून निवडायला लावणारे फॉर्म अजून दिसतात. सर्व्हरला त्यानं फरक पडत नाही. वाचायची पद्धत तीच. माणसाला पडतो. बटण सोडून एकदा क्लिक झालं की आधीची सगळी निवड पुसली जाते, आणि हे कोणी त्याला सांगितलेलं नसतं. शेतकऱ्यासाठीचा फॉर्म असेल तर ही यादी वापरू नका. कोणासाठीचाही असेल तरी नका.

हल्ली सगळं जेसनमधून जातं, मग हे कशाला, असं बडनेऱ्या-अमरावतीच्या कॉलेजांतली हुशार मुलं विचारतात. जेसनमधे यादी ही खरी यादी असते आणि रिकामी यादी रिकामी म्हणून जाते, हे खरं, आणि ते चांगलंच आहे. पण शोधाची पानं, गाळण्या, फाइल जोडायचे फॉर्म, शासकीय पोर्टलची जुनी पानं, यांत नाव-व्हॅल्यूच्या जोड्याच चालतात. आणि जेसनमधेही ‘यादी आली नाही’ आणि ‘यादी रिकामी आली’ हा फरक प्रोग्रॅमरला ठरवावाच लागतो. फ्रेमवर्क बदललं, 2020 मधे पॅकेजचं नाव ‘जावॅक्स’चं ‘जकार्ता’ झालं, पद्धतींची नावं तीच राहिली.

ही पुस्तिका ज्याला जावाचा लूप आणि ॲरे येतो, साधा सर्व्हलेट टॉमकॅटवर चालवता येतो, त्याच्यासाठी आहे. तेवढं येत नसेल तर आधी ते करून या. मुलाखतीसाठी प्रश्नोत्तरं इथे नाहीत. प्रोग्रॅममधली नावं या प्रस्तावनेत देवनागरीत आहेत, ती उच्चारासाठी. पुढच्या पानांवरचे प्रोग्रॅम जसे टाइप करायचे तसेच छापले आहेत. फाइल जोडण्याच्या फॉर्मवर शेवटी एक प्रकरण आहे, सर्व्हलेट 3.0 पासून मिळणाऱ्या ‘गेटपार्ट्स’वर, पण ते घाईत वाचलं तरी चालेल.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. पाच चौकटींचा फॉर्म बनवा, ब्राउझरची डेव्हलपर खिडकी उघडून त्यातला नेटवर्क भाग समोर ठेवा, आणि तीनदा सबमिट करा: एकही टिक नसताना, एक टिक असताना, तीन टिक असताना. प्रत्येक वेळी ब्राउझरनं नेमकं काय पाठवलं ते वहीत उतरवून घ्या. ती वही शेजारी ठेवूनच पुढे वाचा.